गांडुळं सोडली की माती विषमुक्त होते का? वणीकडच्या एका ताईंच्या प्रश्नाला उत्तर

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. बाकीच्यांनाही कळावा म्हणून थोडक्यात मांडतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी तालुक्यात तुमचं पाच एकर काळं वावर आहे, त्यात कपाशी आणि तूर. विहिरीजवळच्या कोपऱ्यात सासऱ्यांच्या काळापासून फवारणीचं औषध कालवणं, पंप धुणं, रिकामे डबे टाकणं चालत आलंय. जुनं डिझेल इंजिनही तिथंच होतं. आज त्या जागेत गवतसुद्धा उगवत नाही. दुसरी जागा नाल्यालगतची पट्टी. खोलगट भाग भरायला म्हणून कुणीतरी ट्रकनं कोळशाची राख आणून टाकली आणि पावसानं ती पसरली. आता गांडुळं विकणारा एक जण म्हणतो, एकरी इतके किलो सोडा, सहा महिन्यांत जमीन विषमुक्त. पैसे घालावेत का, असं तुम्ही विचारलंय.

उत्तर आधीच देतो. त्या पैशात गांडुळं घेऊ नका. पण गांडुळांचा विचार सोडूनही देऊ नका. तुमच्या कोपऱ्यात त्यांचं मोठं काम आहे, फक्त ते सुरुवातीला नाही, मागाहून आहे. राखेच्या पट्टीत मात्र ती सांगितली जाते तशी सफाई करणार नाहीत, कारण ते त्यांच्या हातातच नाही.

मुळात हे दोन वेगळे आजार आहेत आणि विकणारा दोन्हींवर एकच औषध देतोय. फवारणीचं औषध किंवा डिझेल हे शेवटी कार्बनच्या साखळ्यांचे रेणू. मातीतले जिवाणू आणि बुरशी ते तोडू शकतात. वेळ लागतो, पण तोडतात. राखेतलं शिसं, आर्सेनिक, क्रोमियम, बोरॉन ही मूलद्रव्यं आहेत. ती कुजत नाहीत, तुटत नाहीत. जागा बदलतील, रूप बदलतील, घट्ट बांधली जातील किंवा सुटी होतील, पण नाहीशी होणार नाहीत. म्हणून कुणी ‘गांडुळानं माती साफ होते’ म्हटलं की आधी विचारायचं, मातीत आहे काय?

गांडूळ नेमकं करतं काय ते सांगतो. विष तोडण्याचं बहुतेक काम जिवाणूंचं असतं, गांडूळ त्यांना कामाला लावतं. माती गिळली की तिला गांडुळाच्या आतड्यात ओल मिळते, चिकट स्राव मिळतो, आणि कोरड्या मातीत निपचित पडलेले जिवाणू जागे होतात. विष्ठेतून ते पुढे पसरतात. बिळांमुळे खाली हवा जाते, आणि हवेशिवाय डिझेलसारखी तेलं तुटण्याचा वेग फारच मंदावतो. शिवाय गांडुळाच्या आतड्यात कार्बोक्सिलएस्टरेझ नावाची विकरं (एन्झाइम) असतात. मोनोक्रोटोफॉस, क्लोरपायरिफॉस ज्या गटातली, त्या ऑर्गनोफॉस्फेट औषधांचा विषारीपणा कमी करायला ती हातभार लावतात आणि विष्ठेबरोबर मातीतही उतरतात. हे सगळं खरं आहे, आणि म्हणूनच मला या जिवाबद्दल इतकी आस्था आहे. पण यातलं प्रत्येक काम करायला गांडूळ आधी जिवंत राहायला हवं. तुमच्या त्या कोपऱ्यात आज ते राहणार नाही.

धातूंचं गणित तुम्हीच करून बघा. एक एकर जमिनीच्या वरच्या सहा इंचांच्या थरात साधारण 8 लाख किलो माती असते. समजा तिच्यात किलोमागे 2 मिलिग्रॅम कॅडमियम आहे. म्हणजे एकरात दीड किलोच्या वर कॅडमियम झालं. आता समजा आपण त्यातून क्विंटलभर गांडुळं वेचून बाहेर काढली. गांडुळाचं शरीर चार-पंचमांश पाणीच असतं, म्हणजे कोरडं वजन भरलं वीसेक किलो. त्यात किलोमागे 50 मिलिग्रॅम कॅडमियम साठलं असं धरलं, तरी बाहेर आलं एक ग्रॅम. दीड किलोतून एक ग्रॅम! कॅडमियम गांडुळाच्या अंगात साठतं हे खरं, मातीत असतं त्याच्या कितीतरी पट साठतं हेही खरं, पण त्यानं वावर साफ होत नाही. उलट अशी गांडुळं कोंबड्यांनी खाल्ली तर तो धातू कोंबडीच्या यकृतात आणि मूत्रपिंडात जातो. राखेच्या पट्टीत कोंबड्या सोडू नका आणि तिथली गांडुळं मासे-कोंबड्यांना घालू नका. हे मी कळकळीनं सांगतो.

विकणारा जे गांडूळ देणार, तेही बघा. गांडूळखताच्या टाक्यांत असतं ते बहुतेक आयसेनिया फेटिडा, नाहीतर युड्रिलस. आयसेनियाला शेण आणि अर्धवट कुजलेला पाला लागतो. ती खताच्या ढिगात वरच्या थरात राहते, माती खाऊन मातीत बिळं करत नाही. तिला सोसतं ते 20 ते 25 अंश तापमान. पस्तिशीच्या वर ती टिकत नाही, युड्रिलस थोडी जास्त उष्णता सोसते एवढंच. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो आणि काळ्या जमिनीला हातभर खोल भेगा पडतात. अशा उघड्या वावरात ही गांडुळं सोडणं म्हणजे पैसे उन्हात वाळत घालणं. आपल्या जमिनीतलं गांडूळ वेगळं. लॅम्पिटो मॉरिटीसारख्या देशी जाती माती खातात, उन्हाळ्यात खोल जाऊन वेटोळं घालून निपचित पडतात आणि पहिल्या दमदार पावसानंतर वर येतात. त्यांना विकत आणावं लागत नाही. खायला कुटार (मळणीनंतरचा भुसा) आणि शेण, वर आच्छादन आणि वारंवार रोटाव्हेटरपासून सुटका मिळाली की धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) झाडाखालून ती आपसूक सरकत येतात.

आता तुमचा कोपरा. मला त्यात सगळ्यात जास्त खटकलं ते ‘गवतही उगवत नाही’ हे वाक्य. नुसतं कीटकनाशक सांडलं तर सहसा गवत उगवतं, कीटकनाशक मारतं ते किड्यांना. गवत जिथं येतच नाही तिथं माझा संशय आधी तणनाशकावर जातो, मग तांब्याच्या बुरशीनाशकावर, मग तेलावर. सोयाबीनवर वापरतात ते इमॅझेथापायर मातीत काही महिने टिकतं, आणि दरवर्षी त्याच जागी पंप धुतला तर साठत जातं. तेव्हा घरात विचारा, आजवर कोणकोणती तणनाशकं वापरली? डब्यांवरची नावं वाचून लिहून ठेवा. ही यादी कुठल्याही प्रयोगशाळेच्या अहवालाआधी उपयोगी पडते, कारण काय शोधायचं ते सांगितल्याशिवाय प्रयोगशाळाही शोधू शकत नाही.

बऱ्याच जणांना वाटतं, मृद आरोग्य पत्रिका काढली की सगळं कळेल. 2015 मध्ये सुरू झालेली ही पत्रिका चांगली आहे, पण तिच्यात सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश, गंधक आणि जस्त, लोह, तांबं, मँगनीज, बोरॉन एवढंच येतं. शिसं नाही, कॅडमियम नाही, आर्सेनिक नाही, औषधाचा अंश नाही. ते वेगळं सांगून, वेगळे पैसे भरून तपासावं लागतं. तुमच्या जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा, किंवा नागपुरात एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) ची मान्यता असलेली प्रयोगशाळा बघा. धातूंची तपासणी औषधांच्या अंशापेक्षा बरीच स्वस्त पडते.

पण त्याआधी दोन गोष्टी घरीच करा. कोपऱ्यातली माती दोन कुंड्यांत भरा, आणि वावरातल्या चांगल्या जागेची माती दुसऱ्या दोन कुंड्यांत. प्रत्येक मातीच्या एका कुंडीत मूग पेरा, दुसरीत ज्वारी. पंधरा-वीस दिवस बघा. मूग मरतो आणि ज्वारी तगते, किंवा उलटं, तर रुंद पानाच्या तणावरचं औषध की गवतावरचं, याचा अंदाज येतो. दोन्ही उगवतच नसतील आणि माती ओली करताना पाण्याचे थेंब वरच गोळे होऊन राहत असतील, तर तेल मुरलेलं आहे. ती माती हातमोजा घालून चुरली की वासही येतो.

दुसरी चाचणी गांडुळांची, आणि ही मला फार भरवशाची वाटते. एक पसरट टब घ्या, मधोमध पुठ्ठा उभा करा. एका बाजूला संशयाची माती, दुसऱ्या बाजूला तुमच्याच वावरातली चांगली माती, दोन्हींची ओल सारखी. मुठीत दाबल्यावर लाडू व्हावा पण पाणी सुटू नये, एवढी. पुठ्ठा काढा, त्या रेषेवर दहा गांडुळं ठेवा, वर भोकं पाडलेलं झाकण लावा आणि टब सावलीत ठेवा. 48 तासांनी पुठ्ठा परत खोचून दोन्हींकडची गांडुळं मोजा. असे तीन-चार टब करा, आणि एक टब असा की दोन्हींकडे चांगलीच माती. त्यात गांडुळं साधारण निम्मी-निम्मी विभागली नाहीत तर तुमच्या मांडणीतच काहीतरी गडबड आहे. संशयाच्या बाजूला दहापैकी सरासरी दोनाहून कमी गांडुळं सापडली तर ती माती आज त्यांच्या राहण्याजोगी नाही. ठेवल्यावर थोडा वेळ जवळ बसून बघा. गांडूळ तोंडाकडचं टोक त्या मातीला लावतं, आखडतं, पुन्हा लावतं आणि वळतं. काहींच्या अंगावर पिवळसर चिकट स्राव येतो, मधेच गाठीसारखी सूज दिसते. तसं दिसलं तर मोजायचीही वाट बघू नका, ती गांडुळं उचलून चांगल्या मातीत टाका. एक सावधगिरी मात्र ठेवा. गांडूळ क्षारांनाही टाळतं, नुसत्या राखेलाही टाळतं. तेव्हा ही चाचणी ‘इथं राहवत नाही’ एवढंच सांगते, ‘का’ ते सांगत नाही.

कोपऱ्याचं काम असं करा. आधी तिथं पंप धुणं आजपासून बंद, कारण वरून गळती चालू असताना खालची सफाई होत नाही. डबे गोळा करा, जाळू नका, घरात पाण्या-तेलाला वापरू नका. पुढच्या हंगामात डबा रिकामा झाला की तीनदा विसळून ते पाणी फवारणीच्या पंपातच टाका आणि डब्याला भोक पाडा. माती उकरताना रबरी हातमोजे, बूट, तोंडाला फडकं हवंच, पोरांना लांब ठेवा. 2017 च्या हंगामात आपल्या यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. निंदणाला बायका अनवाणी जातात, त्यांना त्या कोपऱ्यातून जाऊ देऊ नका.

वरची वीतभर माती खरवडून, ताडपत्री किंवा शेततळ्याचं प्लास्टिक अंथरून, छपराखाली ढीग करा. छप्पर हवंच, नाहीतर पाऊस विष धुऊन विहिरीत नेईल. त्या मातीत तितकंच अर्धं कुजलेलं शेणखत आणि तितकंच गव्हाचं किंवा सोयाबीनचं कुटार मिसळा. कुटार का? कारण लाकूडकुडाचा कठीण भाग कुजवणारी पांढरी बुरशी त्यावर वाढते, आणि तिची विकरं औषधांचे रेणूही तोडतात. तेल असेल तर शेणकाल्याबरोबर थोडासा युरियाही द्या, जिवाणूंना नत्र कमी पडतं. ढीग ओलसर ठेवा, पंधरवड्याला पलटी द्या. काही महिन्यांनी पुन्हा मूग-ज्वारी, पुन्हा टब. गांडुळं त्या मातीत थांबायला लागली की मग सोडा. आणि इथं मात्र आयसेनिया चालते, कारण हे वावर नाही, शेण आणि कुटाराचा सावलीतला ढीग आहे. शेजारच्या गांडूळखताच्या टाकीतून घमेलंभर मागून आणा, किलोंनी विकत घ्यायची गरज नाही. युरिया घातला असेल तर त्यानंतर दीडेक महिना थांबा, अमोनियानं गांडुळं मरतात. ही माती नंतर भाजीपाल्याला वापरू नका. अंश तपासून शून्याजवळ आल्याशिवाय धुऱ्यावरच्या झाडांनाच घाला.

किती दिवस लागतील हे औषधावर आहे. मोनोक्रोटोफॉस मातीत आठवड्यांत तुटतं, क्लोरपायरिफॉसला महिने लागतात, इमिडाक्लोप्रिड वर्षभरही टिकू शकतं आणि ते गांडुळांना फार घातक. सर्वोच्च न्यायालयानं 2011 मध्ये एंडोसल्फानवर बंदी आणली, पण जुने डबे जिथं पुरले तिथं त्याचे अंश उरलेले असू शकतात, ते लवकर जात नाहीत. म्हणून ‘सहा महिन्यांत विषमुक्त’ असं डबा न वाचता सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

पंप धुवायला नवी जागा करायचीच आहे तर ती विहिरीपासून दूर, उतारावर नाही अशी करा. स्वीडनमध्ये 1993 पासून यासाठी जैविक खड्डे वापरतात. दोन फूट खोल खड्डा, त्यात दोन भाग काड, एक भाग माती, एक भाग पीट (दलदलीतला अर्धवट कुजलेला पालापाचोळा), वर गवत. आपल्याकडे पीटच्या जागी जुनं शेणखत घालता येतं आणि काडाच्या जागी कुटार. मिश्रण महिना-दीड महिना मुरू द्यायचं, मग त्यावर पंप धुवायचा. काळ्या मातीला खाली प्लास्टिक लागत नाही असं कुणी म्हणेल, ओली असताना ती पाणी धरते म्हणून. पण उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि पहिल्या पावसाचं पाणी त्या भेगांतून सरळ खाली जातं. तेव्हा प्लास्टिक घालाच.

राखेच्या पट्टीकडे वळू. राख किती जाड आहे यावर सगळं आहे. बोटभर थर असेल तर भारी काळ्या जमिनीत शेणखताबरोबर मिसळून टाकता येतो, त्यानं निचराही थोडा सुधारतो. वीतभर किंवा जास्त असेल तर ओली करून, उडू न देता, खरवडून काढा. ज्यानं टाकली त्याच्याकडून उचलवून घेता आली तर उत्तमच, ग्रामपंचायतीकडे लेखी द्या. राखेत कर्ब आणि नत्र जवळजवळ नसतंच, म्हणून गांडुळाला तिथं खायला काही नाही. शेणात राख मिसळून, अगदी निम्म्यापर्यंत, गांडूळखत करण्याचे प्रयोग झालेत आणि त्यात स्फुरद सुटा झाल्याचं दिसलं. पण धातू त्या खतात आणि गांडुळांत राहिले, गेले नाहीत.

धातूंच्या बाबतीत आपल्या जमिनीची एक बाजू चांगली आहे, एक वाईट. आपली काळी जमीन अल्कधर्मी, सामू बहुधा 7.5 ते 8.5, त्यामुळे शिसं-कॅडमियम बऱ्यापैकी बांधलेलं राहतं. पण आर्सेनिक, सेलेनियम अशा जमिनीत जास्त हलतात. बोरॉन जास्त झालं की पानांच्या कडा आणि शेंडे पिवळे पडून करपतात, तुमच्या तुरीवर तसं दिसतंय का बघा. पत्रिकेत बोरॉन येतंच, त्या पट्टीचा नमुना वेगळा द्या. आणि गांडुळं वाढली की मातीतलं विद्राव्य सेंद्रिय द्रव्य वाढतं, त्याबरोबर काही धातू झाडाला जास्त मिळू लागतात, हेही ध्यानात ठेवा. म्हणून तिथं पालक-मेथी-सांबार (कोथिंबीर) नको. कपाशी चालेल असं वाटतं, पण सरकीची ढेप जनावरं खातात, तेव्हा तपासणी होईपर्यंत तीही नको. खस (वाळा) लावा, बांबू लावा. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनं गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यावर झाडं उभी केली ती सेंद्रिय खत, मायकोरायझा (मुळांशी जोडून राहणारी बुरशी) आणि नत्र धरणारे जिवाणू देऊन. तुमच्या पट्टीला तोच मार्ग लागू आहे. धातू जागच्या जागी बांधून ठेवायचा आणि वर हिरवं आच्छादन राखायचं. गांडुळं तिथं नंतर आपोआप येतील, ती माती सुधारत असल्याची खूण म्हणून, सफाई कामगार म्हणून नाही.

वरुड-मोर्शी-काटोलकडचे संत्रावाले हे वाचत असतील तर त्यांनाही सांगतो. बोर्डोचं (मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशकाचं) तांबं याच प्रकारातलं. वर्षानुवर्षं झाडाच्या बुंध्याशी साठतं आणि गांडुळं तिथून निघून जातात. आळ्यातलं तांबं एकदा तपासून घ्या.

ताई, सगळ्यात तातडीची गोष्ट विहीर आहे. कोपरा विहिरीला लागून, आणि भेगाळलेली जमीन. त्या कोपऱ्यात गांडुळं सोडू नका म्हणतो त्याचं हेही एक कारण, देशी गांडुळांच्या उभ्या बिळांतूनसुद्धा पाणी झपाट्यानं खाली उतरतं. ते पाणी कुणी पीत असेल, मजूर पीत असतील, तर तपासणी येईपर्यंत प्यायला दुसरीकडून आणा. तणनाशकांची यादी, राखेच्या थराची जाडी आणि कोपऱ्यापासून विहिरीचं अंतर इथं लिहा, म्हणजे पाण्यात नेमकं काय तपासायला सांगायचं ते मी लिहून देतो.